हयातीचा दाखला

बाबांचा अंगठा मशीनला पटेना. नोव्हेंबर महिना, पेन्शनवाल्यांची रांग, आणि बँकेच्या काउंटरवर ते लाल दिव्याचं काडेपेटीएवढं यंत्र. उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग तर्जनी. बोट पुसून, बोटाला व्हॅसलिन लावून, जोरात दाबून, नुसतं टेकवून. तीस वर्षं रंग-रसायनांच्या कारखान्यात घालवलेली बोटं ती, त्यांच्यावरच्या रेषा केव्हाच झिजल्यात. काउंटरवरचा मुलगा शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही वाशीला जाऊन या." बाबा म्हणाले, "म्हणजे मी जिवंत आहे हे इथं काही सिद्ध होत नाही."

महिन्याची पेन्शन १,८७४ रुपये. तेवढ्यासाठी मी अर्ध्या दिवसाचं काम बुडवून ठाण्याहून वाशीची लोकल पकडली. वाशीच्या पीएफ कार्यालयातली मुलगी चांगली होती. अंगठ्याची गरजच नाही म्हणाली, हल्ली फोनसमोर चेहरा धरला की दाखला निघतो. तिनंच माझ्या फोनवर दोन अ‍ॅप घालून दिली. "इथं आत रेंज येत नाही, ताई. बाहेर कुठंतरी उजेडात करा. काकांना फक्त डोळ्यांची उघडझाप करायला सांगा."

परतताना रबाळे आलं तसे बाबा उठूनच उभे राहिले. "उतरू या गं. कंपनी बघू."

कंपनी आता नाही हे त्यांनाही माहीत आहे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या त्या कंपनीनं १९९९ साली व्हीआरएस आणली आणि दोन-तीन वर्षांत फाटकाला कुलूप लागलं. स्वेच्छानिवृत्ती. यात स्वेच्छा कुणाची, हा त्या वेळी सगळ्या पट्ट्यात चालणारा विनोद होता. बाबा नाल्यावरून, वळणावरून, एका जुन्या पिंपळावरून अंदाज घेत चालले आणि एका उंच राखाडी भिंतीपाशी थांबले. "इथंच. नाहीतर याच्या शेजारी."

भिंतीपलीकडे सहा-सात मजली इमारत, आणि तिला खिडक्याच नाहीत. छतावर शीतयंत्रांची रांग, एका बाजूला जनरेटरची धुराडी, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे. कुठंही नाव नाही. फक्त एक आवाज. कुणीतरी लांबवर पिठाची गिरणी लावून विसरून गेल्यासारखा. डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेट आणि एआय चालवणाऱ्या संगणकांचं कोठार. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आता अशा इमारती कितीतरी झाल्यात. एमआयडीसीचे जुने प्लॉट आहेत, विजेची सोय आहे आणि समुद्राखालून येणाऱ्या बऱ्याच केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात.

समोर चहाची टपरी होती. बाबांचा पहिला प्रश्न, "आत माणसं किती कामाला?" त्यांच्या वेळी तीन पाळ्यांत सहाशे माणसं, कॅन्टीन, युनियनचा फळा, दिवाळीआधी बोनसवरून गेटसभा. टपरीवाला म्हणाला, "बांधकाम चालू होतं ना काका, तेव्हा रोज दोन-अडीचशे चहा जायचे. आता सिक्युरिटी आणि थोडी पोरं. पोरं पण आत मशीनचाच चहा पितात."

मी अनुवाद करते. इंग्रजीतून मराठीत. विम्याची पत्रकं, औषधांच्या सूचना, बँकांची माहितीपत्रकं, कधी कुणाचं बरं पुस्तक. २०१९ साली मला शब्दामागे १ रुपया ४० पैसे मिळायचे. मग 'पोस्ट-एडिटिंग' आलं, म्हणजे मजकूर यंत्रानं आधीच मराठीत आणलेला, मी फक्त हात फिरवायचा. त्याचे ६० पैसे. यंदा एजन्सीनं ३५ पैसे कळवले, खाली हसरा चेहरा चिकटवून. पूर्वी यंत्राच्या चुकांवर आम्ही हसायचो. शेअर बाजाराच्या एका मजकुरात 'सेटलमेंटच्या दिवशी शिल्लक चुकती केली जाईल' असं यायला हवं होतं, तिथं त्यानं 'वस्तीच्या दिवशी शिल्लक साफ केली जाईल' लिहिलं होतं. आमच्या ग्रुपवर तो स्क्रीनशॉट आठवडाभर फिरला. आता ते बरोबर लिहितं. 'सौदापूर्ती' लिहितं. गेल्या वर्षभरात तसं हसायला फारसं काही मिळालं नाही.

त्यामुळे आमच्या ग्रुपवर आता दुसऱ्या बातम्या फिरतात. एआयचा फुगा फुटणार. अमुक गुंतवणूकदार म्हणाला, तमुक बँकेनं इशारा दिला. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयचे सॅम ऑल्टमनच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हणाले की गुंतवणूकदार जरा जास्तच हुरळलेत, तेव्हा तर ग्रुपवर दिवाळी होती. मीही अंगठे वर केले, खोटं कशाला बोलू. फुगा एकदाचा फुटला की आपले १ रुपया ४० पैसे परत येतील, असं कुणी लिहीत नाही, पण प्रत्येक फॉरवर्डच्या तळाशी तेच असतं.

'बबल'ला मराठीत फुगा म्हणावं की बुडबुडा, यावर मी एकदा एका संपादकाशी वाद घातला होता. बुडबुडा आपोआप येतो, पाण्याला आधण आलं की. फुग्यात कुणीतरी फुंकलेलं असतं. बाजारात असतो तो फुगाच. तो फुंकणाऱ्यांत आपलाही श्वास असतो, ही त्यातली अडचण.

आमच्या घरचा श्वास दोन लाखांचा होता. व्हीआरएसचे चार लाख आले. अर्धे पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत गेले आणि अर्धे फेब्रुवारी २००० मध्ये एका नव्याकोऱ्या आयटी फंडात. एजंट म्हणजे बाबांच्याच खात्यातले एक जण, त्यांनीही व्हीआरएस घेतलेली. युक्तिवाद एकच: इन्फोसिसचा एक शेअर घ्यायला हजारो रुपये लागतात, इथं १० रुपयांना युनिट! १० रुपये म्हणजे स्वस्त, हा गैरसमज त्या वर्षी किती घरांत शिरला असेल, कोण जाणे. २०,००० युनिटं आली. १० मार्च २००० ला अमेरिकेत नॅसडॅक हा तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला शेअर निर्देशांक ५,०४८ वर बंद झाला, आणि त्या उंचीवर परत जायला त्याला २०१५ उजाडलं. बाबांना नॅसडॅक माहीत नव्हता. ते रोज पेपरात भिंग घेऊन बारीक टाइपातलं एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा त्या दिवसाचा भाव, शोधायचे आणि कालनिर्णयच्या त्या त्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली, पेन्सिलीनं लिहायचे. ९.४०. ७.८५. ६.१०. २००१ चं कालनिर्णय आईनं कशासाठी तरी जपून ठेवलंय. त्यात सप्टेंबरच्या एका चौकोनात २.११ आहे. त्यापुढच्या चौकोनांत फक्त दूध.

२००३ साली ताईचं लग्न ठरलं तेव्हा ३ रुपये १० पैशांनी युनिटं विकली. ६२,००० आले. उरलेले कुठं गेले, असं मी पुष्कळ दिवस विचारायचे. लोकांना वाटतं पैसे जळाले, हवेत गेले. काही हवेत नाही गेले. बाबांच्या पैशातून फंडानं ज्यांच्याकडून चढ्या भावाचे शेअर घेतले, ते लोक आपले पैसे घेऊन शांतपणे घरी गेले.

याच्या कितीतरी आधी मुंबईत एक फुगा फुगला होता. काही वर्षांपूर्वी फोर्टातल्या जुन्या इमारतींच्या माहितीफलकांचं काम मला मिळालं (शब्दाला दीड रुपया, सुवर्णकाळ!), तेव्हा मी तो सगळा इतिहास पिंजून काढला. काँग्रेसचे सुरुवातीच्या काळातले नेते दिनशा वाच्छा यांनी त्यावर लिहिलंय. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग आपला कापूस, जो एरवी आखूड धाग्याचा आणि कचरट म्हणून नाकारला जायचा, त्याला सोन्याचा भाव आला. लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला असं सांगतात. नेहमीच्या भावापेक्षा वर म्हणून त्या काही वर्षांत मुंबईत जी रक्कम आली, तिचा आकडा ८ कोटी १० लाख पौंड असा दिला जातो.

एवढा पैसा आला तर तो ठेवायचा कुठं? बँका निघाल्या, मग बँकांना पैसे देणाऱ्या वित्तसंस्था निघाल्या, मग समुद्र बुजवायच्या कंपन्या. १८६५ च्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका होत्या. चर्चगेटलगतचा बॅक बेचा समुद्र बुजवणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० ला गेला. जमीन तेव्हा पाण्याखाली होती. या सगळ्याच्या मध्यभागी भायखळ्याच्या लव्ह लेनमध्ये राहणारे दलाल प्रेमचंद रायचंद. त्यांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बे कर्ज द्यायची, त्या कर्जावर लोक शेअर घ्यायचे, आणि तेच शेअर पुन्हा तारण.

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा जनरल ली शरण आला. युद्ध संपलं आणि कापूस पडला. पण मुंबईच्या दलालांनी वायद्याचे सौदे १ जुलैचे करून ठेवले होते. त्या दिवशी सौदापूर्ती करायला कुणाकडेच पैसे नव्हते, सगळे एकमेकांचे देणेकरी. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत गेलेला शेअर ८७ वर आला आणि पुढे बँकच बुडाली.

फलकावर मात्र मला राजाबाई टॉवरबद्दल लिहायचं होतं. प्रेमचंदांनी तेजीच्या काळात विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख दिले, मनोऱ्यासाठी आणखी २ लाख, आणि आईचं नाव द्यायला सांगितलं. त्यांची दृष्टी गेलेली आई सूर्यास्तापूर्वी जेवायची, तिला वेळ कळावी म्हणून हे घड्याळ, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो-नसो, घड्याळ खरं आहे. १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला, तोवर फुगा फुटून तेरा वर्षं झाली होती. बुजवलेल्या पट्टीवर पुढे रेल्वेचे रूळ पडले, चर्चगेटच्या लोकलमधून लोक अजून त्यावरून जातात. फलकाला दीडशे शब्दांची मर्यादा होती, तेवढं सगळं बसलं.

बसलं नाही ते सुपे. तेजीच्या काळात कापूस पिकवणाऱ्या मुलखात सावकारांनी शेतकऱ्याला हात सैल सोडून कर्ज दिलं, कारण सावकारालाही वरून पैसा सहज मिळत होता. कुणब्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी तेव्हाच्या आहेत. मग कापूस पडला, वरचा पैसा आटला, सरकारनं सारा वाढवून ठेवलेला, आणि सावकार कर्जखत घेऊन दारात. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, खतं आणि वह्या रस्त्यावर आणून जाळल्या. त्यातल्या कुणी बॅक बेचा शेअर घेतला नव्हता. शेअर म्हणजे काय हेही बहुतेकांना ठाऊक नसणार.

मनोरा फोर्टात आणि बिल सुप्याला. फलकावर तसं लिहिलं असतं तर ठेकेदारानं खोडलं असतं.

आता या एआयच्या तेजीबद्दल. कापूस खोटा नव्हता, हे आधी मान्य केलं पाहिजे. लँकेशायरची भूकही खरी होती. खोटं होतं ते एकच गृहीतक, की युद्ध चालूच राहील. एआयचंही मला तसंच दिसतं. यंत्राला मराठी येते, मी रोज बघते. प्रश्न आहे तो त्यावर चढवलेल्या इमल्याचा. एनव्हिडिया ही चिपा बनवणारी कंपनी ऑक्टोबर २०२५ मध्ये ५ लाख कोटी डॉलर मोलाची झाली. त्याच कंपनीनं सप्टेंबरात ओपनएआयमध्ये १०,००० कोटी डॉलरपर्यंत गुंतवण्याचा इरादा जाहीर केला, आणि ओपनएआय त्या बळावर घेणार काय, तर एनव्हिडियाच्याच चिपा. आमच्याकडे लग्नात आहेराची साडी अशी फिरते. घडी न मोडता मावशीकडून काकूकडे, काकूकडून आत्याकडे, आणि तीन वर्षांनी परत मावशीच्या कपाटात. प्रत्येकीच्या वहीत मात्र आहेराची नोंद असते.

युद्ध संपल्याची तार कशी येते, याची एक झलक २७ जानेवारी २०२५ ला दिसली. डीपसीक या चिनी कंपनीनं कमी खर्चात तसंच काम करणारं मॉडेल काढल्याचा गवगवा झाला आणि एका दिवसात एनव्हिडियाचं मोल जवळजवळ ६०,००० कोटी डॉलरनं उतरलं. मग पुन्हा चढलं. लोक विसरले.

मागे काय उरणार, हाही हिशेब यावेळी जरा वेगळा आहे. मनोरा दीडशे वर्षं टिकतो, समुद्रातली केबल पाव शतक. चिपांचं काय? अ‍ॅमेझॉननं २०२५ पासून आपल्या काही सर्व्हरांचं हिशेबातलं आयुष्य ६ वर्षांवरून ५ वर आणलं, या क्षेत्राचा वेग वाढल्याचं कारण देऊन. त्या राखाडी इमारतीतला सगळ्यात महाग माल हा फळाफुलांसारखा नाशवंत आहे.

आणि एवढं करून जगाची मिळकत वाढणार किती? गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेनं २०२३ मध्ये सांगितलं, १० वर्षांत जगाचं उत्पन्न ७ टक्क्यांनी वाढेल. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या डॅरन असेमोग्लूंनी हिशेब मांडला की अमेरिकेच्या एकूण उत्पादकतेत १० वर्षं मिळून ०.७ टक्क्याहून कमीच भर पडेल. आपल्या पंचांगात पाऊस किती आढक पडणार ते आधीच छापलेलं असतं, तसलाच प्रकार. नोकऱ्यांचंही तेच. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० माणसं कमी करणार असं सांगितलं आणि हे एआयमुळे नाही असंही सांगितलं. ज्याची नोकरी गेली त्यानं कारण कुठल्या रकान्यात लिहायचं, एवढाच प्रश्न उरतो.

मला खरी बोचणारी गोष्ट निराळीच आहे. डॉट-कॉमच्या, म्हणजे २००० च्या सुमारच्या त्या इंटरनेट कंपन्यांच्या फुग्यात अमेरिकेतल्या कंपन्यांनी समुद्रातळाशी बेसुमार केबली टाकल्या आणि मग त्या बुडाल्या किंवा विकायला निघाल्या. टायको या कंपनीनं २०० कोटी डॉलरहून जास्त ओतून उभारलेलं केबलचं जाळं टाटांच्या व्हीएसएनएलनं २००५ मध्ये अवघ्या १३ कोटी डॉलरला घेतलं. अशा कवडीमोल केबलींमुळेच मुंबई-पुण्यात बसून अमेरिकेची कामं करणं परवडू लागलं. त्याच वर्षी मला मालाडला रात्रपाळीची नोकरी लागली. अमेरिकेतल्या विम्याच्या दाव्यांचे कागद तपासायचे. बाबांचं पेन्सिलीतलं २.११ आणि माझा पहिला पगार एकाच झाडाची फळं होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

काम शिकवायला तिकडून एक बाई आली होती. पन्नाशीची, जाडसर, सारखी घाम पुसणारी. दोन आठवडे तिनं आम्हांला एकेक फॉर्म समजावला. ही सही का बघायची, हा डॉक्टर सतत हाच आकार का लावतो, असल्या खाचाखोचा. पुस्तकात कुठं नसलेल्या. शेवटच्या दिवशी आम्ही तिला पैठणीच्या कापडाची पर्स दिली आणि तिनं सगळ्यांना चॉकलेटं. त्या संध्याकाळी आमचा टीम लीडर सहज बोलून गेला की हे काम आजवर तीच करत होती, तिकडचं खातं महिनाअखेर बंद होणार. मी ते चॉकलेट बसमध्ये खाल्लं. भूक लागली होती.

एजन्सीला मी दुरुस्त करून पाठवलेली प्रत परत यंत्राला दाखवली जाते, असं करारात लिहिलंय. कलम ११. 'सौदापूर्ती' त्याला कुणीतरी शिकवलंच असणार.

म्हणून ग्रुपवर हल्ली मी अंगठे वर करत नाही. फुगा फुटेल, बहुतेक. पण फुटल्यावर केबल उपटून कुणी परत नेली नव्हती. ती स्वस्त झाली. या इमारती बुडाल्या तर कुणीतरी १३ कोटींत घेईल आणि यंत्र आणखी स्वस्त होईल. मग ३५ पैशांचे १५ होतील.

हे सगळं मी बाबांना सांगितलं नाही. टपरीच्या बाकावर त्यांना उन्हाकडे तोंड करून बसवलं आणि फोन समोर धरला. पडद्यावर गोल आला. "बाबा, यात बघा. आता डोळे मिटा. उघडा." त्यांनी डोळे घट्ट मिटले, फोटोला लहान मुलं मिटतात तसे, आणि मिटूनच ठेवले. "अहो, उघडा!" टपरीवाला हसायला लागला. तिसऱ्यांदा गोल हिरवा झाला.

"झालं?"

"झालं. वर्षभर चालेल."

त्यांनी भिंतीपलीकडे पाहिलं. "त्या यांच्याच मशीननं ओळखलं का मला?"

"माहीत नाही, बाबा. असेल."

"बोटं नाही ओळखली यांनी," ते म्हणाले, आणि टपरीवाल्याला आणखी दोन कटिंग सांगितले.